मैत्रीला बोलणं कमी, तास जास्त लागतात

परवा आमच्या बिल्डिंगमधे नवीन राहायला आलेली एक मुलगी जिन्यात भेटली, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. म्हणाली, "ताई, मला माणसांत मिसळायलाच येत नाही ओ. साताऱ्यात येऊन आठ महिने झाले, घरातली सोडून एका माणसाशी नीट बोलले नाही. मला बोलताच येत नाही बहुतेक." आणि हे सगळं ती भाजीची पिशवी पायरीवर ठेवून दहा मिनिटं न थांबता इतकं छान सांगत होती की मला वाटलं, अगं बोलता तर तुला येतंयच की, अडलंय ते दुसरीकडंच. तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून आता लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या ज्या कुणी असतील त्यांच्यासाठी पण.

मी स्वतः यातनं गेलेय. माहेर माण तालुक्यातलं, शाळा-कॉलेजच्या मैत्रिणी लग्न होऊन कुठं कुठं गेल्या, माझंही लग्न झालं, आधी पुणे, मग मिस्टरांची बदली आणि साताऱ्यात शाहूपुरीत फ्लॅट. पहिलं दीड वर्ष असं गेलं की फोनमधे तीनशे नंबर, आणि मला ताप आला तर पोराला शाळेतनं आणा म्हणून सांगायला गावात एक माणूस नाही. बाईचं लग्न झालं की तिच्या मैत्रिणी मागं राहतात, याबद्दल आपल्याकडं कुणी बोलतच नाही. घर बदलतं, नाव बदलतं, नाती नवीन मिळतात, पण मैत्रिणी कुणी रुखवतात मांडून देत नाही. मग तिशी-पस्तिशीला बाई एकटी पडते आणि समजते की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आता जरा शाळा आठवा. तिथं मैत्री करायला कुणी शिकवलं होतं का? बाईंनी ज्या बाकावर बसवलं त्या बाकावरची मुलगी मैत्रीण झाली. ती रोज पाच-सहा तास शेजारी होती, डबा सोबत खाल्ला, घरी सोबत चालत गेलो, बस्स. भेटायचं ठरवावं लागत नव्हतं, रोज आपोआप भेट होत होती. मोठेपणी नेमकं हेच जातं. बोलण्याची कला तशीच असते, निघून जातो तो बाक.

यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस युनिव्हर्सिटीतले जेफ्री हॉल यांनी 2018 मधे एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नव्या गावात राहायला गेलेली माणसं होती आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातली मुलं होती. प्रश्न साधा होता, ओळखीच्या माणसाची मैत्रीण व्हायला किती वेळ सोबत घालवावा लागतो? उत्तर आलं की नुसत्या ओळखीवरनं साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण 50 तास, चांगली मैत्री व्हायला 90 च्या आसपास, आणि एकदम जवळची मैत्री व्हायला 200 च्या वर. हे सरासरीचे अंदाज आहेत, घड्याळ लावून बसायचं नाही, पण हा आकडा वाचल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. कारण मी त्या दीड वर्षात कुठल्याही एका बाईसोबत 50 तास काय, 5 तास पण घालवले नव्हते आणि तरी स्वतःलाच दोष देत होते. आणि अजून एक, ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास तेवढे धरले जात नाहीत, असं त्याच अभ्यासात दिसलं. तास मोकळे लागतात, चहाचे, चालायचे, एकत्र हसायचे. दहा वर्षं एका टेबलावर काम केलेली माणसं रिटायर झाल्यावर एकमेकांना फोन करत नाहीत, त्याचं कारण मला इथं कळलं.

हिशोब करून बघा. महिन्यातनं एकदा भिशीला दोन तास भेटायचं तर 50 तास व्हायला दोन वर्षं लागतात आणि 200 तास व्हायला आठ वर्षांच्या वर. आणि भिशीत त्या दोन तासांत दहा-बारा जणी असतात, म्हणजे एकीच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते तुम्हीच काढा. म्हणून भिशी वर्षानुवर्षं चालते आणि तरी आत कुठंतरी एकटंच वाटतं. भिशी वाईट नाही, मी पण जाते, पण तेवढ्यावर मैत्री होईल ही अपेक्षा चूक आहे.

दुसरी गोष्ट जागेची. दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत शिकणाऱ्या लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी एक वसाहत बांधली होती. लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सोबतच्या दोघांनी तिथल्या लोकांना विचारलं की तुमची जवळची माणसं कोण, आणि 1950 मधे ते छापलं. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दाराला लागून राहणाऱ्यांपैकी 41 टक्के एकमेकांचे जवळचे निघाले, एक दार सोडून पलीकडं 22 टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला फक्त 10 टक्के. अंतर किती, तर काही पावलांचं. आणि ज्यांचं घर जिन्याच्या पायथ्याशी होतं त्यांच्या वरच्या मजल्यावर पण जास्त ओळखी होत्या, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरनंच जायचा. म्हणजे ती माणसं काही जास्त गोड बोलणारी नव्हती, त्यांचं दार वाटेवर होतं एवढंच.

साताऱ्यातल्या मंगळवार पेठेत, शनिवार पेठेत जे जुने वाडे होते त्यात हेच होतं, चौक एक, नळ एक, दोरीवर वाळत घातलेले कपडे एकत्र. पाऊस आला की जी घरात असेल ती सगळ्यांचे कपडे आत घ्यायची. भांडणं पण तिथंच व्हायची आणि ती पण कडाक्याची, वाड्यात सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पण एकटेपण हा प्रश्न नव्हता. आता आपल्याकडं सेफ्टी डोअर आहे, लिफ्ट आहे, पार्किंगमधनं थेट घरात. आठ महिने झाले तरी समोरच्या दारातली बाई दिसत नाही यात त्या मुलीचा काय दोष?

आणि नुसतं दिसण्यानं पण फरक पडतो बरं का. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच या दोघांनी 1992 मधे एक प्रयोग छापला, दिसायला साधारण सारख्या अशा चार मुलींना एका कॉलेजच्या वर्गात पाठवलं, एक एकदाही गेली नाही, दुसरी 5 वेळा, तिसरी 10 वेळा, चौथी 15 वेळा. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं येऊन बसायचं आणि जायचं. टर्मच्या शेवटी मुलांना फोटो दाखवून विचारलं, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली, आणि गंमत म्हणजे ही मुलगी आपल्या वर्गात येत होती हे बऱ्याच जणांना नीट आठवत पण नव्हतं. ओळखीचा चेहरा माणसाला आपोआप बरा वाटतो. अर्थात पहिल्यांदाच कुणाशी वाजलं असेल तर रोज रोज दिसून ते बरं होत नाही, उलट वाढतंच.

माझं सुरू झालं ते तब्येतीमुळं. थायरॉईड निघालं, डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून सकाळी सहाला अजिंक्यताऱ्यावर, गावाच्या किल्ल्यावर, जायला लागले. सातारकरांना सांगायला नको, सकाळी त्या रस्त्याला किती माणसं असतात. पहिले पंधरा-वीस दिवस मी मान खाली, कानात हेडफोन. तरी तीच तीच माणसं दिसायचीच, वळणावर थांबून हात फिरवणारे दोन आजोबा, एक रिटायर झालेलं जोडपं, भरतीची तयारी करणारी पोरं धाप टाकत पळत जाणारी, आणि माझ्याच वयाची एक बाई, निळी ओढणी कमरेला बांधून चढायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकमेकींना बघून मान हलायला लागली. मग मधे पोराला ताप होता म्हणून मी दोन दिवस गेले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती थांबली आणि म्हणाली, "काय ओ, दोन दिवस दिसला नाहीत, बरं नव्हतं का?" एवढंच. पण मी नव्हते हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, त्या दीड वर्षात पहिल्यांदा. मी त्या दिवशी हेडफोन काढून पिशवीत टाकला. तिचं नाव कळायला अजून महिना गेला, तोवर ती माझ्यासाठी गोडोलीच्या ताई आणि मी तिच्यासाठी शाहूपुरीच्या. गडावरच्या मंगळाईच्या देवळापाशी पाच मिनिटं बसायचं, यवतेश्वराच्या डोंगरावर ढग किती उतरलेत ते बघायचं, उतरायचं. रोजचा तास, आठवड्यातनं पाच दिवस, म्हणजे दहा आठवड्यांत 50 तास आणि नऊ-दहा महिन्यांत 200. आता मागं वळून बघितलं तर साधारण तसंच झालं, पुढच्या दिवाळीत ती फराळाला घरी आली होती आणि माझ्या घराची एक चावी आता तिच्याकडं असते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की कला शिकायच्या मागं लागू नका, आधी एक जागा आणि एक वेळ पकडा जिथं तीच माणसं परत परत येतात. गडच पाहिजे असं नाही. हरिपाठ असेल, योगाचा क्लास असेल, वाचनालय असेल, गणपतीत ढोल-लेझीमचा सराव असेल, सोसायटीच्या बागेतला एक ठरलेला बाक असेल. फक्त एकदा जाऊन "मला नाही जमलं" म्हणू नका, निदान दोन-तीन महिने द्या. एका दिवसाच्या शिबिरात पन्नास माणसं भेटतात आणि एक पण राहत नाही, त्यापेक्षा आठवड्यातनं दोनदा भेटणारी सहा माणसं लय बरी.

आता भीतीचं. घरी आल्यावर आपण जे आठवत बसतो ना, मी असं का बोलले, त्यांना काय वाटलं असेल. 2018 मधेच एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं. अनोळखी माणसांना एकमेकांशी थोडा वेळ बोलायला लावलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, समोरचं माणूस तुम्हाला किती आवडलं आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल. तर बहुतेकांनी आपण किती आवडलो याचा अंदाज कमीच लावला. खरंतर समोरच्याला ते जास्त आवडले होते. हॉस्टेलला सोबत राहणाऱ्या मुलांमधे हा चुकीचा अंदाज कितीतरी महिने टिकला. थॉमस गिलोविच यांचा 2000 सालचा प्रयोग पण असाच, मुलांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीभर मुलांसमोर जायला लावलं, त्यांना वाटलं जवळपास निम्म्यांनी बघितला, प्रत्यक्षात चौथाईच्या आसपास लोकांच्याच लक्षात आला. समोरची बाई पण घरी जाऊन स्वतःचंच वाक्य आठवत बसलेली असते, तुमचं नाही.

बोलणं शिकायचं म्हणलं तर एकच सवय लावून घ्या, मिळालेल्या उत्तरातनंच पुढचा प्रश्न काढायची. 2017 मधे हार्वर्डच्या संशोधकांनी बोलण्याचे बरेच नमुने तपासले, त्यात असे पुढचे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली. स्टँडवर बघा. "तुम्ही कुठल्या?" "कोरेगावच्या." "अच्छा." संपलं. आणि हेच, "कोरेगाव का? मग घरचा घेवडा असंल की तुमच्याकडं?" "हो ओ, सासऱ्यांचा आहे थोडा, पण यंदा पावसानं गेला सगळा." "अरेरे, मग आता रानात काय केलंय?" बघा, गाडी लागेपर्यंत बोलणं सुरू. यात हुशारी कसली नाही, ऐकलं पाहिजे एवढंच, आणि आपल्याला काय बोलायचं याची जुळवाजुळव डोक्यात चालू असली की नेमकं ऐकूच येत नाही.

पण प्रश्नातले काही प्रश्न सोडून द्या, हे मी अगदी मनापासून सांगते. आडनाव विचारून, त्यावरनं जात काढून, मग किती जवळ जायचं ते ठरवायचं, ही आपल्या भागातली सवय मला फार खुपते. नवीन लग्न झालेलीला "गुड न्यूज कधी?" हा तर विचारूच नका, ती कुठल्या दवाखान्यात फेऱ्या मारतेय ते आपल्याला माहीत नसतं. तसंच संक्रांतीचं. हळदीकुंकू म्हणजे अनोळखी दार वाजवायला मिळालेलं किती सुंदर निमित्त आहे, तिळगूळ घेऊन कुणाकडं पण जाता येतं. पण नवरा गेलेल्या बाईला बोलवायचं नाही, म्हणजे जिला सोबतीची सगळ्यात जास्त गरज तिलाच दाराबाहेर ठेवायचं. आम्ही तीन वर्षांपासून बिल्डिंगमधे सगळ्यांना बोलवतो, सगळ्यांना वाण देतो. पहिल्या वर्षी दोघी-तिघी आल्या नाहीत, आता येतात.

मागायला शिकणं, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आपल्याला वाटतं, काही मागितलं की समोरच्याला त्रास. माझ्या आईच्या आळीत विरजण रोज या घरातनं त्या घरात जायचं, आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही हा नियम, त्यात चिमूटभर साखर का होईना टाकायची. जेकर आणि लँडी या दोघांनी 1969 मधे एक प्रयोग केला, त्यात बक्षिसाचे पैसे जिंकलेल्या काही लोकांना संशोधकानं स्वतः विनंती केली की माझी अडचण आहे, पैसे परत देता का. ज्यांनी परत दिले त्यांना तो माणूस जास्त आवडला, ज्यांच्याकडं पैसे मागितलेच नव्हते त्यांच्यापेक्षा. आपण ज्याच्यासाठी काही करतो तो आपल्याला आपला वाटायला लागतो. म्हणून त्या मुलीला माझं सांगणं आहे, समोरच्या दारात जा आणि विरजण माग. विकतचं दही घरात असलं तरी माग. मोठं काही नको, पैसे तर नकोच, वाटीभर विरजण, नाहीतर "चांगला टेलर कुठं आहे ओ" एवढं विचारलं तरी चालतं.

मग येतो तो टप्पा जिथं बहुतेक मैत्री अडकते. गडावर रोज बोलतो, पण गडावरच. जागा सुटली की मैत्री पण सुटते. त्यामुळं कुणीतरी एकीनं ती त्या जागेच्या बाहेर न्यायला लागते, आणि "या एकदा घरी" म्हणून ते होत नाही, कारण "या एकदा" ला तारीख नसते, सगळेच म्हणतात आणि कुणीच येत नाही. "रविवारी उतरल्यावर साडेआठला राजवाड्यापाशी नाष्टा करू, चालेल का?" असं दिवस, वेळ, जागा धरून विचारा. नाही म्हणाली तर त्या दिवशी तिला जमत नाही एवढाच अर्थ घ्या. बाईच्या रविवारावर दहा जणांचा हक्क असतो. पंधरा दिवसांनी परत विचारा, आणि तिसऱ्यांदा पण नुसतं "बघू" आलं तर सोडून द्या, गडावर हसून बोलत राहा. गोडोलीच्या ताईंनी मला दोनदा नाही म्हणलं होतं, नंतर कळलं सासरे आजारी होते.

मनातलं कधी सांगायचं, तर हळूहळू आणि दोन्हीकडनं. आर्थर एरॉन यांनी 1997 मधे अनोळखी जोड्यांना 36 प्रश्न दिले होते, पहिले हलके आणि पुढं पुढं आतले, दोघांनी आळीपाळीनं उत्तर द्यायचं, पाऊण तासात त्या जोड्या नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा जास्त जवळ आल्या. पहिल्याच भेटीत सासूचं सगळं गाऱ्हाणं ओतलं की समोरची दबते, आणि वर्षभर फक्त पाऊस आणि भाज्यांचे भाव बोलत राहिलं की नातं तिथंच थांबतं. तुम्ही थोडं सांगा, तिनं थोडं सांगितलं की अजून थोडं. आणि ऐकलेलं तिसरीकडं जाऊ देऊ नका. साताऱ्यासारख्या गावात गोष्ट पोवई नाक्यावरनं राजवाड्याला पोचायला वेळ लागत नाही आणि एकदा पोचली की ती बाई परत कधी तोंड उघडत नाही.

सगळ्यांशीच जवळची मैत्री पाहिजे असं पण नाही. इंग्लंडचे संशोधक रॉबिन डनबार यांच्या मांडणीत माणसाची अगदी आतली माणसं साधारण 5 च असतात, त्याबाहेर 15, मग 50, मग 150. आकड्यांवर वाद आहेत, पण वेळ मोजकाच असल्यामुळं आतला गोल लहान राहणार हे पटतं. भाजीवाल्या मावशी, वळणावरचे आजोबा, यांचं दोन शब्दांचं बोलणं पण दिवस चांगला करतं.

आणि याला मी एवढं महत्त्व का देते, तर 2010 मधे ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 148 अभ्यास एकत्र केले, 3 लाखांच्या वर माणसं, आणि ज्यांची नाती घट्ट होती त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त निघाली. आपण बीपी तपासतो, शुगर तपासतो, हे कुणी तपासत नाही.

एक मात्र वेगळं ओळखायचं. कमी बोलणं हा स्वभाव आहे, त्यात दुरुस्त करायचं काही नाही. पण चारचौघांत जायच्या विचारानंच छातीत धडधडत असेल, घाम येत असेल, त्यापायी लग्नकार्य, नोकरीचे इंटरव्ह्यू टाळले जात असतील आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर तो सोशल अँग्झायटीचा त्रास असू शकतो. तो समुपदेशनानं, गरज पडली तर औषधानं बरा होतो. सरकारची मनाच्या त्रासासाठी टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरात कुणाला न सांगता पण फोन करता येतो.

हे सगळं त्या मुलीला परत भेटून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, पण 50 तास आणू कुठनं? सकाळचा डबा, सासूबाईंची औषधं, जावेच्या पोराला शाळेत सोडायचं आणि आणायचं." मी विचारलं, आणायला किती वाजता जातेस? म्हणाली, शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधीच जाते, गेटवर उभी राहते मोबाईल बघत, बाकीच्या बायका पण असतात. मग आम्ही तिथंच जिन्यात बसून हिशोब केला, रोजची 15 मिनिटं, शाळेचे वर्षातले 200 दिवस धरले तर 3000 मिनिटं. बरोबर 50 तास.